वगळलेलं कार्ड

बिस्किटांच्या डब्यात सापडलं ते,
ग्रोनिंगनच्या विद्यापीठाच्या तळघरात,
एका पितळी यंत्रामागे,
ज्यानं कुणी एके काळी
माणसाच्या दचकण्याचे हजारावे भाग मोजले होते.

येल्मरनं ते माझ्यापुढे ठेवलं दोन्ही हातांनी,
परक्या घरातली काचेची बशी ठेवावी तसं.
निळी शाई, तिरपं अक्षर :
मुलगी. चार वर्षं, दोन महिने.
आई खोलीबाहेर गेली, रडली नाही.
आई परतली, वळून पाहिलं नाही.
तोंड खिडकीकडे. अकरा मिनिटं.
आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा एकच शब्द :
वगळा.

एकसष्ट मुलं होती म्हणे. नऊ कार्डं डब्यात.
ती परत मोजणीत घेतली
तर पुस्तकातला तो प्रसिद्ध चढता आलेख
आडवा होतो,
गोठलेल्या कालव्यासारखा सपाट.

मला हिशेबात धरलं नव्हतं.
आईला मात्र धरलं.
त्याच दुपारी पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी
तिला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि सांगितलं
की बाईसाहेब, तुमच्यात ऊब कमी पडते.

(तिच्या आईला तिच्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं :
फार कुरवाळू नका, पोर बिघडेल.
तिनं नाही कुरवाळलं. आज्ञाधारक बाई होती.)

त्या रात्रीपासून आई मला मिठी मारायची
मनातल्या मनात आकडे म्हणत.
ओठ कानाला लागायचे, म्हणून कळायचं.
दहा झाले की सोडायची.
मी पंधरा वर्षांची होईपर्यंत, रोज, न चुकता, दहा.

मग काळ बदलला.
माझ्या मुलाच्या वेळी फ्रिजवर तक्ता आला,
दात घासले की चांदणी, भांडला की चांदणी वजा.
नातीच्या वेळी तर मेंदूचाच फोटो,
लाल-पिवळे डाग, जणू कुणी आत दिवे ठेवलेत.
दर वेळी नवं पुस्तक, दर वेळी तोच ठाम आवाज.
जुनं चुकलं होतं असं सांगायला
कुणी घरोघरी जात नाही.
आईला कुणी पत्र पाठवलं नाही.
ती गेली, तेव्हाही बोटं चादरीवर काहीतरी मोजत होती.

येल्मर भला मुलगा आहे. नखं खातो.
म्हणतो, आता आम्ही आधीच लिहून ठेवतो
काय शोधतोय ते,
तारीख घालून, कुलूप लावून,
म्हणजे बाण जिथे लागला
तिथे नंतर वर्तुळ काढता येत नाही.
म्हणतो, सगळी कार्डं उघडी ठेवतो, कुणीही यावं, मोजावं.
म्हणतो, तरीही आम्ही चुकूच.
हे शेवटचं तो खाली बघून म्हणाला.
तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

संमतीपत्र सात पानी.
पाचव्या पानावर थांबले :
कारण न देता कधीही बाहेर पडता येईल.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मग विचारलं, तुमच्या अर्जात
खिडकीबाहेर काय होतं, याला जागा आहे का?
त्यानं पानं उलटली. मागची, पुढची.
नव्हती.

त्रेसष्ट सालचा तो हिवाळा, आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात.
कालवा तळापर्यंत गोठलेला,
आणि माझा भाऊ मेन्नो
स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत स्केटिंग शिकत होता.
अकरा मिनिटं मी त्याला बघत होते
कारण त्यानं खुर्ची सोडली होती.
पहिल्यांदाच. हात पसरून.
मी वळले असते तर तो पडला असता,
चौथ्या वर्षी एवढं विज्ञान मला पक्कं ठाऊक होतं.

सही केली.
पेन त्याच्याच हातात देऊन म्हटलं,
त्या लाल शब्दाखाली लिही, तुझ्या अक्षरात :
मेन्नो पडला नाही.